स्वतः पाहून सांगतोय

माईक हातात घेतला त्याच्या पहिल्याच वर्षी मामाने एका जिवंत माणसाला मारलं. म्हणजे तोंडाने मारलं. कुणीतरी त्याच्या लाउडस्पीकरच्या दुकानात निरोप आणून दिला की निवृत्त पोस्टमनकाका गेले, आणि मामाने रिक्षावर कर्णे बांधून गावभर सांगून टाकलं की अंत्ययात्रा दुपारनंतर निघेल. दुपारी पोस्टमनकाका स्वतः दुकानात आले. आंघोळ केलेली, इस्त्रीचा सदरा घातलेला. म्हणाले, "मला निघायचंय हे मलाच सगळ्यात शेवटी कळलं, हे काही बरं नाही." गेले होते ते त्यांचे थोरले भाऊ.

गाव महिनाभर हसलं. मामाला मात्र ते लागलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे आपल्याकडून झालं, याची त्याला इतकी लाज वाटली की तेव्हापासून त्याने एक नेम धरला. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कर्ण्यातून शब्द काढायचा नाही. कुणी गेलं असेल तर आधी त्या घरी जाऊन यायचं. मूल हरवलेलं सापडलं असेल तर ते आधी समोर बसवायचं, त्याला गोळी द्यायची, मगच सांगायचं. उद्या पाणी येणार असं पाणीवाल्या खात्याने कळवलं, तरी हा टाकीवर जाऊन आत डोकावून यायचा. खात्याचा माणूस म्हणायचा, "अहो, आमच्यावर विश्वास नाही का?" मामा म्हणायचा, "तुमच्यावर आहे. टाकीवर नाही."

आणि प्रत्येक घोषणेच्या शेवटी तो एक वाक्य म्हणायचा, "स्वतः पाहून सांगतोय." तेवढंच. ते वाक्य गावाच्या तोंडी बसलं होतं. दुकानदार कापडाचा पक्का रंग सांगताना तेच म्हणायचे, मुलं एकमेकांना थापा मारताना तेच म्हणायची. एखाद्या बातमीवरून वाद झाला की कुणीतरी विचारायचंच, मामाने सांगितली का? नाही म्हटलं की वाद मिटायचा. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं, पण तो खरा माझा मामा. आईचा थोरला भाऊ.

आजी-आजोबा पाठोपाठ गेले तेव्हा मामा शाळेत होता आणि आई त्याच्याहून बरीच लहान. मामाने दप्तर माळ्यावर टाकलं आणि सूतगिरणीत लागला. गिरणीत यंत्रं चालू असताना शेजारच्याला काही सांगायचं म्हणजे पोटातून ओरडावं लागतं. तिथे, दुकान टाकायच्या कितीतरी आधी, त्याचा आवाज तयार झाला. सकाळी पाळीला जायच्या आधी तो आईची वेणी घालायचा, ती हमखास एका बाजूला जायची, आणि आई शाळेत मान तिरकी करून बसायची म्हणजे ती सरळ दिसेल. हे आईनेच मला शंभरदा सांगितलंय. तिचं लग्न लावून दिल्यावरच त्याने स्वतःच्या लग्नाचा विचार केला. मग मामी मिळाली हे तिचं नशीब की त्याचं, यावर त्या दोघांचं अजून एकमत नाही.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबांचं चौकात हार्डवेअरचं दुकान. खिळे, कुलपं, कड्या, रंगाचे डबे. मामाला बोलायला माईक लागायचा, बाबांना कधीच लागला नाही. ते हळू बोलतात. इतकं हळू, की ऐकणाऱ्याला जरा पुढे वाकावं लागतं, आणि पुढे वाकलेल्या माणसाला वाटतं की हे फक्त मलाच सांगताहेत. याच कसबावर ते नव्या पक्षाचे गावातले पहिल्या फळीतले माणूस झाले. मी त्यांची मुलगी आहे, त्यामुळे मला हे बोलायचा हक्क आहे. कुणाला पटत नसेल तर न पटो.

आमच्या गावातून एक कालवा जातो. कालव्याच्या वर बाजार, कचेऱ्या, शाळा, आमची घरं. पूल ओलांडला की खालची गल्ली. तिथे सगळी हातावर पोट असलेली माणसं: गिरणीचे कामगार, सुतार, मशीन दुरुस्त करणारे, इस्त्रीवाले. खालची गल्ली पिढ्यान् पिढ्या जुन्या पक्षाला मत देत आली होती. हे घडलं त्या वर्षीच्या निवडणुकीतही दिलं, आणि नवा पक्ष आमच्या गावात थोडक्यात पडला. बाकी सगळीकडे जिंकला, इथे पडला. हे त्यांच्या जिव्हारी लागलं. आधी भिंतीवरच्या घोषणांवरून बाचाबाची झाली, मग बाजारात हाणामारी, आणि त्या हाणामारीत नव्या पक्षाचा एक पोरगा डोक्याला मार लागून गेला. कुणी मारलं, कुणालाच धड माहीत नाही. पण खालच्या गल्लीने मारलं, हे संध्याकाळच्या आत ठरून गेलं. खालच्या गल्लीतली कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी पूल ओलांडून शाळेच्या इमारतीत येऊन राहिली, कारण शाळेच्या फाटकावर पोलीस होते. पूल बंद केला. येण्याजाण्याला पास लागायला लागला.

मी तेव्हा दुसऱ्या शहरात नर्सिंग शिकत होते. गावाकडचे रस्ते बंद म्हणून आम्हाला वसतिगृहातून सोडलं नाही. त्यामुळे पुढचं मला मामीने, इस्त्रीवालीने आणि थोडं मामाने सांगितलं आहे. बाबांनी सांगितलेलं मी यात घेतलेलं नाही. ते सगळं पेपरात छापून आलंय, हवं त्याने तिथे वाचावं.

इस्त्रीवालीचं दुकान, म्हणजे एक टेबल आणि वर ताडपत्री, मामाच्या दुकानाला लागून होतं. घर खालच्या गल्लीत. ती आणि तिचा नवरा सकाळी पूल चढून यायचे आणि दिवेलागणीला उतरायचे. मामाचे सदरे ती फुकट करायची आणि मामा तिच्या रेडिओला सेल द्यायचा. कुणाचं कुणाकडे किती निघतं हे दोघांनीही कधी विचारलं नाही. त्या दिवसांत ती नवरा आणि सासूसह शाळेतल्या एका वर्गात राहत होती. मामी रोज तिच्यासाठी डबा घेऊन जायची. शाळेत नळ दोन आणि माणसं चारशे. लहान मुलांना ताप यायला लागले होते. लोकांना घरी जायचं होतं, पण पलीकडे काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

बाबांनी शांतता समिती काढली होती. तेच अध्यक्ष. एका सकाळी ते मामाच्या दुकानात आले, खुर्ची ओढून मामाच्या अगदी जवळ बसले.

"दादा, गल्ली मोकळी झालीय," ते म्हणाले. "आमच्या पोरांना मी समजावलंय. पोलिसांशी बोललोय. लोकांनी आता घरी यावं. शाळेत आजार पसरला तर मोठी बदनामी व्हायची. तुम्ही सांगितलंत की लोक उतरतील. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत."

मामा म्हणाला, "बरं. मी आधी खाली जाऊन येतो."

"तुमच्याकडे पास कुठाय?"

"तुम्ही मिळवून द्या."

"मिळेल, पण परवा. तोवर त्या शाळेत एखादं मूल दगावलं तर?" बाबांनी मामाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दादा, मी आज पहाटे स्वतः फिरून आलोय. एक कुलूप तुटलेलं नाही. माझे डोळे ते तुमचे डोळे. मी काय परका आहे?"

मामी मागे वायरींची भेंडोळी गुंडाळत बसली होती. ती म्हणाली, "पाहिल्याशिवाय नका बोलू हो. आजवर नाही बोललात."

बाबा हसले. "वहिनी, पाहिलंय. मी पाहिलंय म्हणजे घरातल्याच माणसाने पाहिलंय."

मग मामाने ठरवलं की सांगायचं, पण जसं आहे तसंच. समितीने कळवलं आहे, एवढंच. आपलं नेहमीचं वाक्य म्हणायचं नाही. मामीला त्याने तसं बोलूनही दाखवलं. "मी म्हणेन, समितीचे अध्यक्ष पाहून आलेत. माझं नाव मध्ये नाही."

रिक्षा शाळेच्या फाटकासमोर उभी केली. मामाने माईक हातात घेतला. वर्गांच्या खिडक्यांत माणसं येऊन उभी राहिली, व्हरांड्यात बायका जमल्या. तो म्हणाला, शांतता समितीकडून कळवण्यात येतं की खालची गल्ली सुरक्षित आहे, पूल उघडला आहे, सर्वांनी आपापल्या घरी परतावं. इथवर ठरल्याप्रमाणे झालं. आणि मग, इतक्या वर्षांच्या सवयीने, श्वास सोडल्यासारखं त्याच्या तोंडून बाहेर पडलं, "स्वतः पाहून सांगतोय."

मामीने त्याच्या दंडाला धरलं. तो माईक तोंडापासून दूर धरून उभा राहिला. त्याने पुन्हा माईक तोंडाजवळ नेला, बहुतेक दुरुस्त करायला, पण तोवर व्हरांड्यात हालचाल सुरू झाली होती. लोक चादरी गुंडाळायला लागले होते. कुणीतरी खिडकीतून हात केला. इस्त्रीवाली जिन्यावरून उतरताना म्हणाली, "भाऊ, उद्या येते हो दुकानावर." आणि मामाने माईक खाली ठेवला. नंतर तो मला म्हणाला, "चारशे माणसं घरी जायला उठली होती गं. त्यांना परत बसा कसं म्हणू? आणि म्हटलं, दाजी पाहून आलेत म्हणजे खोटं तर नाही. फक्त मी पाहिलेलं नाही."

माणसं आपापल्या घरात शिरली, दारं उघडली, चुली पेटवल्या, आणि मग गल्लीची दोन्ही तोंडं बंद झाली. पुलावरचे पोलीस तेव्हाच कुठेतरी गेले होते. त्या दुपारी काय झालं ते मी लिहिणार नाही. इस्त्रीवालीने मला सांगितलंय, आणि ती मला सांगत असताना कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिचा हात एकदाही थांबला नाही. तिचा नवरा दारात उभा राहिला होता, ती आणि सासू मागच्या भिंतीवरून कालव्यात उतरल्या. सासू कालव्यातून बाहेर आली नाही. नवरा दारातून हलला नाही. मेलेल्यांचा आकडा सरकारने एक सांगितला, लोकांनी दुसरा. गल्ली मात्र पूर्ण जळाली, याबद्दल दोघांचं एकमत होतं.

मामा त्या संध्याकाळी बाबांकडे गेला. बाबा डोकं धरून बसले होते. "मला फसवलं, दादा," ते म्हणाले. "पक्षातल्या वरच्यांनी माझा केसाने गळा कापला. मला काय माहीत पोरं असं करतील?" मामाला रडू आलं, आणि आमच्या घरात बसून दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रडले. मामा नाकासमोर चालणारा माणूस. ज्याच्या डोळ्यांत पाणी आहे तो खरंच रडतोय, असं त्याला वाटतं.

त्यानंतर इस्त्रीवाली दुकानात आली. मामाने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"तुमचा आवाज होता म्हणून आम्ही उतरलो, भाऊ."

मामा म्हणाला, "मी पाहिलं नव्हतं."

"मग म्हणालात का?"

सवयीने, असं सांगायचं का तिला? कुणाचा नवरा सवयीने जातो का? मग तीच म्हणाली, "चौकशी बसणार आहे म्हणतात. तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून बोललात ते साहेबांसमोर सांगा. एवढंच मागते. गल्लीचा राग मग तुमच्यावर राहणार नाही. मी सांगेन सगळ्यांना."

मामाने तिला शब्द दिला. आणि मला पक्कं माहीत आहे की शब्द देताना त्याला तो पाळायचाच होता. त्याचं गावातलं सगळं नाव त्या एका शब्दावर येऊन टेकलं होतं. नाव राहिलं तर त्या बाईमुळे राहणार होतं, आणि गेलं तर कायमचं.

चौकशीच्या आदल्या दिवशी आई त्याच्याकडे गेली. मामी सांगते, ती आली ती थेट आतल्या खोलीत, आणि मामाच्या पायाशी जमिनीवर बसली. लहानपणी वेणीसाठी बसायची तशी.

"दादा, त्यांचं नाव घेऊ नकोस."

"मला खरं सांगावं लागेल. शब्द दिलाय."

"त्यांना नेतील. पक्ष हात वर करेल. मग मी कुठे जाऊ? पोरीचं शिक्षण अर्धवट आहे. तू मला वाढवलंस, आता तूच माझं घर मोडतोस का?"

मामाने विचारलं, "खरं सांग. दाजींना काही माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं," आई म्हणाली.

"तू विचारलंस त्यांना?"

"मी रोज पाहते रे त्यांना. रात्ररात्र झोपत नाहीत. त्यांना फसवलंय. निर्दोष माणसाला तू तुरुंगात घालणार?"

मामी म्हणते, तिने खूप डोळे मोठे केले, खाकरली, भांडं आपटलं. मामाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो आईच्या डोक्यावरून हात फिरवत होता. पोरक्या बहिणीने पायाशी बसून काही मागितलं आणि त्याने दिलं नाही, असं कधी झालंच नव्हतं. पाण्याच्या टाकीत डोकावणारा हा माणूस, पण बहिणीच्या तोंडचं खरं की खोटं हे पाहायला कुठे जाणार?

चौकशी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. खालच्या गल्लीतली उरलीसुरली माणसं मागच्या बाकांवर बसली होती. इस्त्रीवाली पुढे होती. साहेबांनी मामाला विचारलं, घोषणा कुणाच्या सांगण्यावरून केलीत?

"आवाज माझा होता," मामा म्हणाला.

"ते माहीत आहे. सांगितलं कुणी?"

"बोललो मी, साहेब. जबाबदारी माझी."

साहेबांनी आणखी दोनदा विचारलं. मामाने तेच सांगितलं. खोटं तो बोलला नाही, फक्त अर्धं गिळलं. इस्त्रीवाली उठली आणि बाहेर गेली. जाताना तिने दार ढकललं तेही हळू, आवाज न करता, आणि मामाला ते जास्त लागलं. पण त्याला वाटलं, ठीक आहे, बहीण वाचली. नाव गेलं पण कारणी लागलं.

त्यानंतर बाबांना बोलावलं. मामा मागे बसून राहिला. त्याला वाटलं होतं, दाजी काहीतरी बोलतील, निदान थोडं आपल्या अंगावर घेतील. समितीचा अध्यक्ष म्हणून माझंही चुकलं, एवढं तरी म्हणतील.

बाबा नेहमीच्या हळू आवाजात बोलले. साहेब पुढे वाकले. "मी त्यांना म्हटलं होतं, दादा, दोन दिवस थांबा, अजून परिस्थिती नीट नाही. पण ते ऐकेनात. माणूस वाईट नाही हो. माझ्या बायकोचा भाऊ आहे, मला बोलताना त्रास होतो. पण माईक हातात आला की त्यांना राहवत नाही. आणि समितीने त्यांना काही 'स्वतः पाहून सांगतोय' म्हणायला सांगितलं नव्हतं. ते त्यांनीच लावलं."

मामी उभी राहिली. मामाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. आई बायकांच्या बाकावर होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती आणि तिने मान वर केली नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण उगाचच वापरतो. मला ती तेव्हा पहिल्यांदा कळली. अहवालात आलं की बेजबाबदार घोषणेमुळे जीवितहानी झाली. मामाचा ध्वनिक्षेपकाचा परवाना रद्द झाला. पोलीस पूल सोडून का गेले, गल्लीची तोंडं कुणी बंद केली, याचा अहवालात एका ओळीत उल्लेख आहे: माहिती उपलब्ध नाही. हे सगळ्यांच्याच सोयीचं होतं. नव्या पक्षाच्या सोयीचं होतं, पोलिसांच्या होतं, आणि खरं सांगायचं तर जुन्या पक्षालाही ते चाललं, कारण निवडणुकीत मतं मागायला गल्लीत आलेले त्यांचे पुढारी नंतर शाळेकडे फिरकलेही नव्हते. सगळ्यांच्या वाटचं मामाने घेतलं. कर्णे काढून ठेवले. पंखे आणि रेडिओ दुरुस्त करायला लागला. लोक पंखा आणून ठेवायचे, झाला की मुलाला पाठवून न्यायचे. स्वतः येत नसत. खालच्या गल्लीचं मैदान झालं आणि तिथे आता ट्रक उभे राहतात. त्याच्या फाटकाचं उद्घाटन नगराध्यक्षांच्या हस्ते झालं. नगराध्यक्ष म्हणजे माझे वडील.

मी सुट्टीत घरी आले ती हे सगळं होऊन गेल्यावर. बाबांची साक्ष मी पेपरात वाचली होती आणि त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवून आले होते. आईशी भांडायचं मात्र मनात नव्हतं. बिचारी अडकली, असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी चादर शोधायला मागच्या खोलीत गेले, तर तिथे आईचं शिलाई मशीन होतं. चाक काढलेलं, पट्टा लोंबतोय. मला एकदम कळेना की यात मला काय खटकतंय. मग आठवलं. गडबड सुरू व्हायच्या आधी आईने मला फोनवर सांगितलं होतं की मशीनचं चाक अडकतंय, म्हणून खालच्या गल्लीतल्या कारागिराकडे टाकलंय. कारागिराचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. सगळ्यात आधी जळालं ते तेच. त्यातून एक सुईसुद्धा निघाली नव्हती.

मी आईला मागच्या खोलीत बोलावलं.

"हे इथे कसं?"

"आणलं."

"कधी?"

ती लोंबणारा पट्टा उचलून ठेवायला लागली. मी पुन्हा विचारलं.

"त्या दिवशी सकाळी," ती म्हणाली. "यांनी हातगाडी पाठवली होती."

"चाक बसवायच्या आधीच?"

"म्हणाले, आज आणून ठेवलेलं बरं."

आई भराभर बोलायला लागली. त्यांना वाटलं होतं, चार दगड पडतील, एखाददुसरं दुकान जाईल, पोरांचा राग शांत होईल. एवढं होईल हे खरंच त्यांना ठाऊक नव्हतं. मशीन तिचं एकटीचं होतं, लग्नात मामाने दिलेलं, म्हणून त्यांनी ते आठवणीने आणवलं.

मी म्हटलं, "म्हणजे मामाने दिलेलं मशीन वाचवलंत, आणि मामाला घोषणा करायला पाठवलंत."

"मी नाही पाठवलं."

"तू त्याच्या पायाशी बसून सांगितलंस, त्यांना माहीत नव्हतं म्हणून."

"तुझ्या शिक्षणासाठी..."

"माझं नाव पुढे करू नकोस, आई. मला लाज वाटते."

मी तशीच चपला घालून मामाकडे गेले. वाटेत दहा वेळा वाटलं, कशाला सांगायचं, जे व्हायचं ते होऊन गेलं. पण माझ्या मामाला या गावात प्रत्येकाने अर्धवट सांगितलं होतं. मी एकटीने तरी त्याला पूर्ण सांगायचं ठरवलं.

मामा टेबलावर एक पंखा उघडून बसला होता. मी मशीनचं सांगितलं. तो स्क्रू पिळत राहिला. बाबांबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही, जणू ते त्याच्या हिशेबातून साक्षीच्या दिवशीच गेले होते. मग त्याने विचारलं, "म्हणजे ती मला 'नव्हतं' म्हणाली, तेव्हा तिला माहीत होतं."

"हो."

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"वेडी आहे," तो म्हणाला. "खरं सांगितलं असतं ना, की दादा, त्यांना माहीत होतं, त्यांनी पाप केलंय, तरी त्यांना वाचव, तरी मी गप्पच बसलो असतो गं. तिने मागितलं असतं तर मी ते पण दिलं असतं. पण मला कळलं तरी असतं ना, मी काय देतोय."

तो उठला आणि बस थांब्याकडे निघाला. मी मागे गेले. इस्त्रीवाली आता तिथे पत्र्याखाली बसते. मामाने तिच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगितलं: दाजी, पहाटे फिरून आलो म्हणणं, मशीन, बहिणीचं येणं. नावांनिशी सांगितलं. तिने इस्त्री उभी ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"हे तेव्हा सांगायचं होतं, भाऊ," ती म्हणाली. "आता हे ऐकून मी कुणाला सांगू? आमचं आता इथे कोण राहिलंय?"

मामाने मान हलवली. ती पुन्हा कामाला लागली आणि आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण मी रात्री घरी गेले नाही यावरून तिला कळलंच असणार. मी मामाच्या स्वयंपाकघरात होते. मामी दारात गेली. आईने विचारलं, "दादा आहे?"

मामा बाहेरच्या खोलीत, दारापासून चार पावलांवर बसला होता. तो जागचा हलला नाही. ज्या आवाजाने त्याने आयुष्यभर गावाला पाण्याच्या, मरणाच्या आणि हरवलेल्या मुलांच्या बातम्या सांगितल्या, त्याच गिरणीतल्या आवाजात तो म्हणाला, "तिला सांग, मी घरी नाही."

ते समोरच्या दुकानातसुद्धा ऐकू गेलं असेल. मामी दारात घोटाळली. तिने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"ते घरी नाहीत," मामी म्हणाली.

आई थोडा वेळ उंबऱ्याशी उभी राहिली. मग "बरं" म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.